विल्हेल्म मायबाख

विल्हेल्म मायबाख (जन्म : ९ फेब्रुवारी १८४६, हाइलब्रोन, जर्मनी, मृत्यू : २९ डिसेंबर १९२९, श्टुटगार्ट, जर्मनी) हे जर्मन यंत्ररचनाकार व मोटार उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. गोटलिब डाइमलर यांचे सहकारी म्हणून त्यांनी हलके व वेगवान पेट्रोल एंजिन घडवले. फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर आणि १९०० सालच्या अखेरीस तयार झालेली पहिली मर्सिडीज गाडी ही त्यांची प्रमुख कामे होत. एंजिनाला किती इंधन मिळते, ते कोणत्या प्रमाणात हवेत मिसळते आणि निर्माण झालेली उष्णता कशी बाहेर काढली जाते, यांवर गाडीची खरी शक्ती अवलंबून असते हे त्यांच्या रचनांनी दाखवून दिले. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांची इंधनव्यवस्था आजही मूलतः त्यांच्याच तत्त्वावर चालते.

बालपण व शिक्षण

मायबाख यांचे वडील सुतारकाम करीत. विल्हेल्म आठ वर्षांचे असताना हे कुटुंब श्टुटगार्टला आले. त्यानंतर थोड्याच काळात आई व वडील दोघांचेही निधन झाले आणि वयाच्या दहाव्या वर्षी विल्हेल्म व त्यांची भावंडे पोरकी झाली. रॉइटलिंगेन येथे गुस्टाव्ह वेर्नर या धर्मोपदेशकाने निराधार मुलांसाठी ब्रूडरहाउस नावाची संस्था चालवली होती. तेथे विल्हेल्म यांना आश्रय मिळाला.

या संस्थेला जोडून स्वतःची यंत्रशाळा होती. मुलांनी काम करता करता शिकावे, अशी तेथील पद्धत होती. विल्हेल्म यांचा चित्रकला व गणिताकडील ओढा ओळखून त्यांना वयाच्या पंधराव्या वर्षापासून यंत्ररचनेचे शिक्षण देण्यात आले. दिवसा कार्यशाळेत काम आणि संध्याकाळी शहरातील शाळेत पदार्थविज्ञान व रेखाचित्रणाचे वर्ग असा त्यांचा दिनक्रम असे. विद्यापीठाची पायरी त्यांनी विद्यार्थी म्हणून कधीही चढली नाही. एकोणिसाव्या वर्षी ते कुशल आरेखक झाले होते. १८६३ पासून या यंत्रशाळेची व्यवस्था पाहणाऱ्या गोटलिब डाइमलर यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. तेव्हापासून १९०० मध्ये डाइमलर यांचा मृत्यू होईपर्यंत दोघांची सोबत टिकली.

कार्ल्सरुहे व डॉइट्झ

डाइमलर कार्ल्सरुहे येथील यंत्र कारखान्यात गेल्यावर १८६९ मध्ये मायबाखही तेथे गेले. १८७२ मध्ये डाइमलर कोलोनजवळील डॉइट्झच्या गॅस एंजिन कारखान्याचे तांत्रिक प्रमुख झाले. निकोलाउस ओटो व ऑयगेन लांगेन यांचा हा कारखाना होता. पुढील वर्षापासून मायबाख तेथे मुख्य रचनाकार म्हणून काम पाहू लागले. ओटो यांचे चार धावांचे एंजिन १८७६ मध्ये सिद्ध झाले. ते कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येईल असे करण्याचे काम मायबाख यांच्याकडे आले. त्याच वर्षी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनासाठी त्यांना पाठवण्यात आले होते.

१८७८ मध्ये त्यांचा विवाह बेर्टा हाबरमास यांच्याशी झाला. १८७९ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र कार्ल हेही पुढे नामवंत एंजिन रचनाकार झाले.

डॉइट्झचे एंजिन वजनदार, संथ व एका जागी बसवण्याजोगे होते आणि ते दगडी कोळशाच्या वायूवर चाले. वायूची नळी जेथे पोहोचत नाही तेथे ते निरुपयोगी ठरे. वाहनासाठी एंजिन हलके हवे, त्याचे फेरे अधिक हवेत आणि त्याचे इंधन सोबत नेता येईल असे हवे, ही डाइमलर व मायबाख यांची भूमिका होती. कारखान्याच्या चालकांशी मतभेद झाल्याने १८८२ मध्ये दोघेही तेथून बाहेर पडले.

कानश्टाट येथील प्रयोग

श्टुटगार्टजवळील कानश्टाट येथे डाइमलर यांनी घर घेतले आणि त्याच्या बागेतील काचगृहात कार्यशाळा थाटली. काम इतक्या गुप्तपणे चाले की येथे खोटी नाणी पाडली जात असावीत, या संशयावरून माळ्याने पोलिसांना कळवले होते, असे सांगितले जाते.

१८८३ मध्ये या कार्यशाळेत लहान व वेगवान एंजिन तयार झाले. १८८५ मध्ये त्याची उभी, आटोपशीर आवृत्ती बनली. लंबकाच्या उभ्या घड्याळासारख्या आकारामुळे तिला त्याच घड्याळाचे नाव मिळाले. सुमारे अर्ध्या अश्वशक्तीचे हे एंजिन लाकडी दुचाकीवर बसवण्यात आले. १० नोव्हेंबर १८८५ रोजी डाइमलर यांच्या मुलाने कानश्टाट ते उंटरट्युर्कहाइम हे सुमारे ३ किलोमीटरचे अंतर या दुचाकीवरून पार केले. १८८६ मध्ये हेच एंजिन घोडागाडीवर व नावेवर बसवले गेले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मायबाख यांनी रचलेली, तारेच्या चाकांची व चार वेगांच्या गिअरची गाडी मांडण्यात आली. तिच्यामुळे फ्रान्समधील उद्योजकांचे लक्ष या एंजिनाकडे वेधले गेले.

१८९० च्या नोव्हेंबरमध्ये भागभांडवल उभारून डाइमलर मोटोरेन गेझेलशाफ्ट ही कंपनी स्थापन झाली. नव्या भागीदारांनी मायबाख यांना देऊ केलेल्या अटी त्यांना स्वीकारार्ह वाटल्या नाहीत आणि फेब्रुवारी १८९१ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. कंपनीची एंजिने ज्यांच्या आरेखनावर उभी होती, तेच कंपनीबाहेर पडले. काही काळ त्यांनी स्वतःच्या घरी काम केले. १८९२ पासून डाइमलर यांच्या आर्थिक साहाय्याने कानश्टाटमधील एका बंद पडलेल्या हॉटेलच्या बागेतील दालनात त्यांची कार्यशाळा सुरू झाली. त्यांचे सर्वांत दूरगामी संशोधन याच जागेत झाले.

फवारा कार्ब्युरेटर

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ किंवा अतिसूक्ष्म थेंब हवेत योग्य प्रमाणात मिसळले तरच सिलिंडरमध्ये नीट ज्वलन होते. हे मिश्रण तयार करणारे साधन म्हणजे कार्ब्युरेटर. सुरुवातीच्या गाड्यांत पृष्ठभागी कार्ब्युरेटर असे. त्यात पेट्रोलच्या भांड्यावरून किंवा पेट्रोलमधून हवा नेली जाई आणि ती जाताना पेट्रोलची वाफ सोबत घेई. या पद्धतीत दोन मोठ्या उणिवा होत्या. पेट्रोलमधील हलका अंश आधी उडून जाई व जड अंश भांड्यात साचून राही, त्यामुळे मिश्रण सतत बदले. शिवाय हवेचे तापमान व रस्त्यावरील हादरे यांचाही परिणाम होई.

मायबाख यांनी १८९२–९३ मध्ये याला वेगळा मार्ग काढला. त्यांच्या रचनेत पेट्रोल प्रथम एका लहान कक्षात येते. कक्षातील पोकळ तरंगी, म्हणजे फ्लोट, पेट्रोलबरोबर वर चढतो आणि ठरावीक पातळीला सुईच्या झडपेने पेट्रोलची वाट बंद करतो. पातळी उतरली की फ्लोट खाली येतो व वाट पुन्हा उघडते. या कक्षापासून निघालेली बारीक तोटी, म्हणजे जेट, हवेच्या नळीत उघडते. तोटीचे तोंड पेट्रोलच्या पातळीहून किंचित वर असते. त्यामुळे एंजिन बंद असताना पेट्रोल वाहत नाही. दट्ट्या खाली जाताना हवा ओढली जाते, नळीतील दाब कमी होतो आणि तोटीतून पेट्रोलचा फवारा उडतो. हवा जितकी जोरात ओढली जाईल तितके पेट्रोल अधिक येते. अशा रीतीने एंजिन आपली गरज आपणच भागवू लागले.

या शोधाच्या अग्रक्रमाबद्दल मतभेद आहेत. हंगेरीतील डोनाट बांकी व यानोश चोंका यांनीही १८९३ मध्येच फवारा कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले होते आणि त्या देशात शोधाचा मान त्यांना दिला जातो. दोन्ही ठिकाणी काम स्वतंत्रपणे झाले, असे सामान्यतः मानले जाते. मात्र मायबाख यांचा कार्ब्युरेटर फिनिक्स या दोन सिलिंडरच्या नव्या एंजिनाबरोबर थेट रस्त्यावर आला. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत एमिल लव्हासॉर यांनी याच प्रकारचे एंजिन असलेली गाडी सर्वांत आधी परत आणली.

गाळणीचे महत्त्व

फवारा कार्ब्युरेटरबरोबर एक नवी अडचणही आली. जेटचे छिद्र अतिशय बारीक असते. पृष्ठभागी कार्ब्युरेटरच्या भांड्यात गाळ तळाशी बसून राही, परंतु जेटमध्ये अडकलेला एखादा कणही एंजिन बंद पाडू शकतो. इंधननळी तुंबण्याची तक्रार याआधीही होतीच. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ यांनी मानहाइम ते फोर्त्झहाइम असा मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला. वाटेत तुंबलेली इंधननळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्या काळी इंधन औषधांच्या दुकानातून बाटलीने विकत घ्यावे लागे. जेट आल्यावर मात्र इंधन गाळून घेणे ही मोटारीची कायमची गरज झाली.

पुढील काळातील गाड्यांत म्हणूनच गाळणीचे अनेक टप्पे आढळतात. टाकीतील नळीच्या तोंडाशी जाळी, पंपात दुसरी जाळी किंवा गाळ बसण्यासाठी काचेची वाटी, वाटेत कागदी फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या प्रवेशद्वाराशी शेवटची बारीक जाळी, असा त्यांचा क्रम असतो. प्रत्येक गाडीत हे सर्व टप्पे असतातच असे नाही.

पुनरागमन व मर्सिडीज

मायबाख यांच्या अनुपस्थितीत कंपनीची प्रगती खुंटली. १८९५ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांच्या पुढाकाराने इंग्लंडमधील गुंतवणूकदारांनी परवान्यापोटी मोठी रक्कम देऊ केली, पण डाइमलर यांनी कंपनीत परत यावे अशी अट घातली. त्यांच्याबरोबर मायबाखही त्याच वर्षी तांत्रिक संचालक म्हणून परतले.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस येथे एमिल येलिनेक हे व्यापारी धनिकांना डाइमलर गाड्या विकत असत. नीसजवळ ला तुर्बी या गावाकडे जाणाऱ्या घाटात दरवर्षी चढाईची शर्यत होई. मार्च १९०० मधील शर्यतीत कंपनीचे चालक विल्हेल्म बाउअर यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी उंच, आखूड व पुढच्या बाजूला जड होती. त्याच महिन्यात डाइमलर यांचेही निधन झाले होते. कंपनीने शर्यती सोडाव्यात असा विचार पुढे आला. येलिनेक यांचे मत उलट होते. लांब, बुटकी, रुंद व अधिक शक्तीची गाडी हवी, असा आग्रह धरून त्यांनी ३६ गाड्यांची मागणी नोंदवली आणि गाडीला आपल्या मुलीचे नाव द्यावे, असे सुचवले. त्या मुलीचे नाव मर्सिडीज होते.

मायबाख यांनी काही महिन्यांत जी गाडी रचली तिला आधुनिक मोटारीचा आरंभ मानले जाते. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा सांगाडा, जमिनीलगत बसवलेले चार सिलिंडरचे सुमारे ५.९ लिटरचे एंजिन, हलक्या मिश्रधातूचे एंजिनकवच आणि सिलिंडरांच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र कार्ब्युरेटर, अशी तिची रचना होती. एंजिनाची शक्ती ३५ अश्वशक्ती होती. शीतनासाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर चौरसाच्या ८,०७० लहान नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे व त्यांच्यामधील अरुंद फटींतून पाणी खेळे. यामुळे पूर्वीपेक्षा कितीतरी कमी पाण्यात एंजिन थंड राहू लागले.

पहिली गाडी २२ डिसेंबर १९०० रोजी येलिनेक यांच्याकडे रवाना झाली. मार्च १९०१ मध्ये नीस येथील स्पर्धांत विल्हेल्म वेर्नर या चालकाने तिच्यावर विजय मिळवले. ज्या घाटात वर्षापूर्वी अपघात झाला होता, त्याच घाटातील चढाईही या गाडीने जिंकली. फ्रेंच वृत्तपत्रे मायबाख यांना रचनाकारांचा राजा म्हणू लागली.

कंपनीचा निरोप व झेपेलिन

हा लौकिक कंपनीत त्यांच्या उपयोगी पडला नाही. डाइमलर यांच्या पश्चात व्यवस्थापनाशी त्यांचे पटेना. रचनेचे मुख्य काम हळूहळू त्यांच्या हातून काढून घेण्यात आले आणि एप्रिल १९०७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांनी कंपनी कायमची सोडली. त्यांच्यानंतर गोटलिब यांचे पुत्र पॉल डाइमलर यांच्याकडे रचनेची सूत्रे आली.

५ ऑगस्ट १९०८ रोजी काउंट झेपेलिन यांचे एलझेड ४ हे हवाईजहाज एख्टरडिंगेन येथे आगीत नष्ट झाले. त्यानंतर मायबाख यांनी झेपेलिन यांच्याशी संपर्क साधून हवाईजहाजांसाठी अधिक भरवशाचे एंजिन बनवण्याचा प्रस्ताव मांडला. १९०९ मध्ये बिसिंगेन येथे त्यासाठी कंपनी स्थापन झाली. तिचे तांत्रिक नेतृत्व कार्ल मायबाख यांच्याकडे होते. १९१२ मध्ये ती फ्रीडरिक्सहाफेन येथे हलली आणि १९१८ मध्ये मायबाख मोटोरेनबाउ या नावाने ओळखली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत विमान एंजिने बनवण्यावर बंदी आली, तेव्हा कार्ल मोटारींकडे वळले. १९२१ मध्ये मायबाख नावाची पहिली गाडी विक्रीसाठी मांडली गेली.

विल्हेल्म मायबाख यांना १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. २९ डिसेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. कानश्टाट येथील ज्या स्मशानभूमीत गोटलिब डाइमलर यांची समाधी आहे, तेथेच त्यांनाही पुरण्यात आले.

जुन्या गाड्यांतील वारसा

मायबाख यांनी घालून दिलेले फ्लोट व जेटचे तत्त्व विसाव्या शतकात बहुतेक पेट्रोल गाड्यांनी स्वीकारले. इंग्लंडमधील स्किनर बंधूंचा एस. यू. कार्ब्युरेटर एमजी व जॅग्वार गाड्यांत, तर एदुआर्दो वेबर यांनी १९२३ मध्ये बोलोन्या येथे सुरू केलेल्या कारखान्यातील कार्ब्युरेटर फेरारी व आल्फा रोमिओ गाड्यांत वापरले गेले. या क्रीडागाड्यांत दोन, तीन किंवा अधिक कार्ब्युरेटर असतात. त्यांपैकी एकाचाही जेट तुंबला तर काही सिलिंडरांना कमी पेट्रोल मिळते व एंजिन अडखळते. म्हणून अशा गाड्यांत इंधन स्वच्छ ठेवण्याला विशेष महत्त्व आहे.

बिघाडाच्या लक्षणांवरून त्याची जागा ओळखता येते. गाळणी तुंबली असेल तर एंजिन जागेवर नीट चालते, पण चढावर किंवा वेगात दम सोडते, कारण तेव्हा लागणारे जास्तीचे पेट्रोल गाळणीतून येत नाही. मंद फेऱ्यांचा जेट तुंबला असेल तर उलट घडते. गाडी वेगात बरी चालते आणि थांबताच बंद पडते. सुईच्या झडपेत कण अडकला तर फ्लोट कक्ष भरून वाहतो आणि आग लागण्याचा धोका निर्माण होतो.

गाळणीतील गाळही माहिती देतो. तांबूस पूड असेल तर टाकी आतून गंजलेली असते. काळे कण रबरी नळी झिजल्याचे सुचवतात. अशा वेळी नुसती गाळणी बदलून भागत नाही, मूळ दोष काढावा लागतो. नवा फिल्टर बसवताना त्यावरील बाण पेट्रोलच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवतात. हे काम एंजिन थंड असताना, बॅटरीची तार सोडवून व ज्योतीपासून दूर करतात. जेट साफ करताना तार किंवा सुई घालू नये, हवेच्या झोताने तो मोकळा करावा. तारेने छिद्र रुंदावते आणि मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे भारतात या देखभालीला नवे महत्त्व आले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे खराब करते आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला थर सोडवून गाळणीकडे पाठवते. त्यात ऑक्सिजन असल्याने शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेले मिश्रणही विरळ होते. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता देशात सर्वत्र मिळत असल्याने जुन्या गाड्यांत योग्य रबराच्या नळ्या बसवणे व गाळणी वरचेवर तपासणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्राशी संबंध

मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेल्या फियाट ११०० व प्रीमियर पद्मिनी या कार्ब्युरेटरच्या गाड्यांनी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना मोटारीची ओळख करून दिली. जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने जाताना खोपोलीतील शिळफाटा मागे पडला की बोरघाटाची चढण सुरू होते. नीसच्या घाटात मायबाख यांच्यापुढे जे प्रश्न उभे होते, तेच येथे जुन्या गाड्यांपुढे उभे राहतात. खालच्या गिअरमध्ये एंजिन जोरात फिरते आणि वारा मात्र कमी मिळतो. रेडिएटरमधील पाणी उकळते, नळीत पेट्रोलची वाफ होऊन पंप निकामी होतो आणि अर्धवट तुंबलेली गाळणी नेमकी याच वेळी उघडी पडते. सपाटीवर लपून राहिलेला दोष चढावर दिसतो, हा जुन्या गाड्यांच्या चालकांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर २००० च्या सुमारास भारतातील नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. दुचाकींत तो एप्रिल २०२० पर्यंत, म्हणजे बीएस ६ नियम लागू होईपर्यंत टिकून होता. इंधन फवारण्याचे काम आता संगणकाच्या नियंत्रणाखाली होते, तरी गाळणीची गरज कमी झालेली नाही.

मर्सिडीज-बेंझचा भारतातील कारखाना पुणे जिल्ह्यातील चाकण येथे आहे. २००२ मध्ये पुनरुज्जीवित झालेले मायबाख हे नाव पुढे मर्सिडीजच्या सर्वांत महागड्या गाड्यांना जोडले गेले आणि २०२२ पासून या नावाच्या एस ५८० गाडीची जुळणी चाकण येथे होऊ लागली. ज्या कंपनीने मायबाख यांना दोनदा बाहेरची वाट धरायला लावली, तिच्याच वारसदार कंपनीच्या गाड्यांवर आज त्यांचे नाव मानाने मिरवले जाते.